तक्तपोशीतली काच

रुपीबाईच्या मनगटावर काहीतरी टपकन पडलं. पाल म्हणावी तर वजन नाही, पाणी म्हणावं तर ओल नाही. तिनं हात हळूच मांडीवर घेऊन पाहिलं, तर नखाएवढा कपचा. तपकिरी, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं केसाळ. दुसऱ्या कुणाच्या अंगावर पडला असता तर त्यानं फुंकर मारून उडवला असता आणि पुन्हा भाषणाकडे कान लावला असता. पण रुपीबाईला तो कपचा ओळखू आला. हा तक्त्याचा कपचा होता. तिच्या तक्त्याचा. वर, या नव्याकोऱ्या सभागृहाच्या टिनाखाली छताला तक्त्यांची जी तपकिरी तक्तपोशी लागली होती तिच्यातून सुटून तो खाली आला होता. आज एक कपचा आला, उद्या दोन येतील, परवा अख्खा तक्ता कुण्या मास्तरच्या टकलावर येईल. तिनं मूठ मिटली. वर पाहायची हिंमत काही झाली नाही.

तसं आज तिनं मान वर करूनच बसायचं ठरवलं होतं. यवतमाळात रुपीबाईनं रेजा म्हणून डोक्यावर घमेलं वाहून काय थोड्या इमारती उभ्या केल्या होत्या? पण इमारत उभी झाली, चुना लागला, की रेजा बाहेर. मग त्या दारात शिपाई उभा राहायचा आणि तोच शिपाई, ज्याला काल तिनं चिलमीला विस्तव दिला, तो आज म्हणायचा, "ए बाई, इकडं कायले येऊन राह्यली?" या सभागृहाची गोष्ट वेगळी. मास्तरांच्या ट्रेनिंगसाठी बांधलेलं हे सभागृह. सरकारी काम ते, तक्तपोशी लागून एक उन्हाळा आणि एक पावसाळा निघून गेला तेव्हा कुठं त्रेसष्टच्या मार्चात उद्‌घाटनाचा मुहूर्त सापडला. आणि इंजिनेर साहेबांनी स्वतः सांगून पाठवलं होतं की तक्त्यांच्या कारखान्याची माणसं आत बसतील, सतरंजीवर बसतील, पण आत. म्हणून ती आत होती. कमरेला फेटिया घागरा, अंगात काचा टाकलेली कांचळी, डोक्यावर छांटिया ओढणी, लमाणांच्या तांड्यावरून लग्नाला निघाल्यासारखी नटून. डाव्या हाताला नवरा भावसिंग, पागोटं सारखं करून बसल्या बसल्या पेंगत होता. उजवीकडे थोडं पुढं रहेमान मिस्त्री, दाढीला मेंदी लावून आलेला. टेबलामागं नागपूरचे पाहुणे बोलत होते, कर्णा घूं घूं करत होता आणि त्या घूं घूंनं टिनं थरथरत होती. पाहुण्यांनंतर इंजिनेर साहेब उठून एकच गोष्ट सांगणार होते: ढाणकीपासून मुकुटबनपर्यंत ज्या नव्या शाळा टिनाच्या होणार, त्यांना खालून हेच तक्ते लागतील की मुंबईचे. साहेबांनी वर्षापूर्वीच बजावलं होतं, "छत वर्षभर टिकलं, एकरंगी राहिलं, कुठं डाग नाही, खोट नाही, तर पुढचं काम तुमचं. नाही तर माझे हात बांधलेले." आणि आता रुपीबाईच्या मुठीत ती खोट होती.

कारखाना म्हणायचा तो तरी काय! आधी नुसतं साहेबांच्या डोक्यातलं एक खूळ होतं. सेंट्रिंगच्या फळ्या एकदोन वेळा वापरल्या की फाकतात, वाकतात, चुन्यानं बरबटतात. मग त्या फेकायच्या. चौकटी बसवल्या की सागाच्या ढलप्यांचा, रंध्याच्या किसाचा ढीग पडायचा. रेजा आणि मजूर तो चुलीला नेत. रुपीबाईसुद्धा नेत होती. सागाच्या ढलप्या चुलीत चरचर जळत आणि तिला वाईट वाटे, का ते सांगता येत नसे. रानात ज्याला हात लावला तर जंगल खात्याचा माणूस काठी घेऊन धावतो, तेच लाकूड इथं भाकरीखाली जातं, असं काहीसं. एकदा साहेब तिथं आले, ढीग पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "हे चुन्याच्या पाण्यात मुरवलं, कुटलं, दाबलं, तर याची फळी होते. बाहेरच्या देशात करतात." रेजा तोंडाला पदर लावून हसल्या. फळीचा भुसा होतो हे पोट्ट्यालाही ठाऊक. भुशाची फळी होते म्हणे! रहेमान मिस्त्री मात्र हसला नाही. तो कापसाच्या प्रेसमध्ये गाठी बांधणारा माणूस, उभी हयात दाबण्यात गेलेली. नवी प्रेस आल्यापासून हातानं पिळून दाबायचा जुना पेच त्याच्या अंगणात गंजत पडला होता. तो म्हणाला, "साहेब, दाबायचं माझ्याकडे लागलं. कुटायचं बोला." आणि कुटायला सापडली चुन्याची घाणी. सिमेंट आल्यापासून तिचं दगडी चाक थांबलं होतं, तिच्या चरात कोंबड्या बसत होत्या, आणि घाणीवर बैल हाकणारा भावसिंग बिनकामाचा आभाळाकडे पाहत होता.

म्हणजे बघा, टाकून दिलेलं लाकूड, टाकून दिलेली घाणी, टाकून दिलेला पेच. आणि माणसंही तशीच, असं रुपीबाईच्या मनात तेव्हा आलं होतं. पण हे मनात येऊन तिला रडू नव्हतं आलं, उलट चेव आला होता. पदर खोचून ती हौदात उतरली. सागाचं पाणी लालभडक सुटतं, काताचं पाणी जसं. त्यात चुना पडला की वाफ निघते आणि असा वास येतो की पहिल्या दिवशी भाकरी गिळवत नाही. तिच्या टाचा पांढऱ्या झाल्या, भेगांत चुना जाऊन रात्रंदिवस चुरचुरायचं. मुरलेलं लाकूड घाणीत पडे, भावसिंगचे बैल फिरत, दगडी चाक कर्रकर्र करत जाई, आणि हळूहळू त्या टणक सागाची आंबील होई. अंबाडीचे तंतू त्यात घालायचं कुणाच्या डोक्यातून निघालं यावर अजून भांडण आहे. रहेमान म्हणतो माझ्या, रुपीबाई म्हणते माझ्या, आणि साहेब म्हणतात की पुस्तकात आहे. तिच्या आजीच्या वेळी तांडा बैलांवर मीठ, धान्य लादून फिरायचा, त्या गोण्या बायकाच विणत. तेव्हा तंतूशी तिच्या बोटांची ओळख जुनी, एवढं मात्र खरं.

पहिला तक्ता आठवला तसं तिला भर सभेत हसू फुटायला आलं. रहेमाननं साच्यात लगदा भरला, पेच पिळला, पाणी धो धो निथळलं. इथवर ठीक. पण त्याच्या हाताची सवय जाईल कुठं? कापूस दाबला की तो उसळतो, म्हणून दाबाखालीच लोखंडी पट्ट्या आवळायच्या असतात. यानं तक्त्यालाही पट्ट्या आवळल्या! गाठ बांधून, वर थाप मारून म्हणतो, "लो, तैयार." चार दिवस कुणी सोडायला तयार नाही. सोडलं तेव्हा तक्त्यावर गंजाचे लाल पट्टे उमटलेले आणि मधून तो वाळल्या पापडासारखा वाकलेला. भावसिंग इतका कमी बोलणारा माणूस, तोसुद्धा बोलला, "मिस्त्री, याले आता तळून पाहू का?" रहेमाननं त्याच्याशी आठ दिवस अबोला धरला. मग नीट वाळवायला शिकले, जवसाचं तेल द्यायला शिकले, आणि एक दिवस साहेबांनी तक्त्यावर बूट घालून उभं राहून पाहिलं. तक्ता मोडला नाही. त्या दिवशी रुपीबाई घरी जाताना रस्त्याच्या मधून चालत गेली होती.

आणि आता हा कपचा. तिनं मूठ किंचित उघडून पुन्हा पाहिलं. गुळगुळीत बाजू. इतकी गुळगुळीत कशी? साच्यावर टिनाचा पत्रा ठेवून दाबलं तरी तक्त्याला अशी तुकतुकी येत नाही. ही बाजू दुसऱ्याच कशावर तरी चिकटलेली होती. ती विचार करू लागली तेवढ्यात शिपायानं टेबलावरचं हारांचं पितळी तबक सरकवलं. खिडकीतून उतरतं ऊन त्या तबकावर पडलं आणि उजेडाचा एक मोठा गोळा छतावर डुलायला लागला. न राहवून रुपीबाईनं मान वर केली. गोळा तपकिरी तक्त्यांवरून फिरत आला, बरोबर तिच्या डोक्यावरच्या तक्त्यापाशी आला, आणि तिथं एक डोळा उघडला. लख्ख.

काच! तिची काच!

तिचा हात आपोआप कांचळीच्या बाहीकडे गेला. तिथं काचांच्या ओळीत एक जागा रिकामी होती, दोऱ्याचं कडं तेवढं उरलेलं. ती काच कुठं पडली हे तिला आजवर कळलं नव्हतं. विहिरीवर शोधली, रस्त्यात शोधली, बैलांच्या गव्हाणीत हात घालून शोधली. साधी काच नव्हती ती. आईनं, मानीबाईनं, आपल्या कांचळीतून उसवून तिच्या बाहीला टाकली होती. जाडसर, हिरवट झाक असलेली जुनी काच, आताच्या बाजारी काचांच्या शेजारी लगेच वेगळी दिसणारी. लहानपणी तिनं विचारलं होतं, "याडी, आपुन अंगभर काचा कायले लावतो?" मानीबाई गोवऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "रानात बाया पांगल्या का मंग दिसत नाई, पोरी. उन्हात काच चमकली का समजते, इथं आपली बाई हाय." खरं कारण हेच की आईनं तेव्हाचं तेव्हा रचलं, देव जाणे. पण रुपीबाईला ते पुरलं होतं. आता ती काच साच्यावर वाकून लगदा सारवताना निसटली, लगद्यात बसली, दाबली गेली, वर पातळ पापुद्रा धरून वर्षभर लपून राहिली, आणि आज टिनं थरथरली तसा पापुद्रा गळून पडला. म्हणजे तक्ता सुटत नव्हता! तक्ता धडधाकट होता! तिच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की तिनं मोठ्यानं श्वास सोडला आणि भावसिंग दचकून जागा झाला. "काई छ?" त्यानं विचारलं. तिनं नुसती मान हलवली.

पण दुसऱ्याच क्षणी तिला रहेमान आठवला, हौदाच्या काठावर कमरेवर हात देऊन उभा असलेला. "बाई, ये काच-वाच का झगमगाट घर रखके आया करो. लगद्यात पडंन एखादी, अन् साहेब म्हणंन हे काय तमाशा हाय. साधं लुगडं नेसून येत जा ना." त्या वर्षी तांड्यातल्या बऱ्याच बाया शहरात येताना लुगडं नेसू लागल्या होत्या. कुणी बोट दाखवत नाही, कुणी 'लमाणीण आली' म्हणत नाही, सोयीचं पडतं. रुपीबाईचं डोकं फिरलं होतं. "मिस्त्री, तुमी दाढी काढून येता का कामाले? पडली माही एक बी काच लगद्यात, तं दुसऱ्या दिवशी लुगडं नेसून येईन. मानीबाईची पोर हावो मी." शब्द दिला होता, चारचौघांत, तावातावानं. आता तो शब्द वर छताला लटकून तिच्याकडे पाहत होता.

गप्प बसावं. तिनं स्वतःला समजावलं, गप्प बस, बाई. तबक पुन्हा सरकेल, ऊन उतरेल, काच विझेल. वर कोण पाहतं? शाळांचं काम मिळेल, घाणी फिरत राहील, भावसिंगला आभाळाकडे पाहत बसावं लागणार नाही, तिला पुन्हा घमेलं डोक्यावर घ्यावं लागणार नाही. हे सगळं तिला कळत होतं, आणि तरी तिच्या आत दुसरीच एक बाई उठून उभी राहत होती, तिला काही केल्या खाली बसवता येत नव्हतं. आपण केलेल्या छताखाली आपण बसलो आहोत आणि छतात आपली काच आहे. आजीच्या आजीपासून तांड्यानं घर बांधलं नाही, पालं टाकली आणि उचलली. मागं राहिली ती चुलीची राख. आणि इथं तिची काच सरकारी छतात घट्ट बसली होती, कुणाला न विचारता. तिला अभिमान वाटत होता. खोट दिसली म्हणून लाज वाटायला हवी, तर अभिमानानं कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

नेमके तेव्हाच पाहुणे वर पाहून म्हणाले, "आणि हे छत पाहा! टिनाखाली बसूनसुद्धा किती थंड वाटतंय. काय सफाई, काय रंग! असं काम मुंबईच्याच कारखान्यांना जमतं. आपल्या भागात हे यायला अजून—" ते थांबले. शिपायाचा हात तबकाला लागला होता, उजेडाचा गोळा हलला होता आणि काचेतून उलटलेली तिरीप नेमकी त्यांच्या चष्म्यावर आली होती. त्यांनी डोळे मिचकावले. "अहो, ते वर काय चमकतंय?"

सगळं सभागृह वर पाहू लागलं. इंजिनेर साहेबांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. रहेमाननं वर पाहिलं, मग मागं वळून रुपीबाईच्या बाहीकडे पाहिलं, त्या रिकाम्या कड्याकडे. त्याला सगळं कळलं. मग तो चटकन अर्धा उठला. "अभ्रक हाय साहेब! लाकडाला माती लागलेली राहते, त्यातला अभ्रकाचा तुकडा. काही नाही, पॉलिशमध्ये झाकून टाकतो!"

किती सोपं करून दिलं होतं त्या भल्या माणसानं. झाकून टाकतो. रुपीबाईला त्याची माया कळली आणि त्याच वेळी तिला ती सहन झाली नाही. ती उठून उभी राहिली. हातातल्या बल्या वाजल्या, घुंगरं वाजली, अंगावरच्या साऱ्या काचा हलल्या आणि आजूबाजूच्या भिंतींवर उजेडाचे ठिपके पळाले.

"अभ्रक नाई, साहेब. काच हाय. माही काच हाय ते."

"खाली बस व," भावसिंग पुटपुटला.

पाहुणे हसले, वाईट हेतूनं नाही. "बाई, मुंबईच्या तक्त्यात तुमची काच कशी जाईल?"

"मुंबईले कायले जाईन मी?" रुपीबाईचा आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "तक्ता इथचा हाय. याच इमारतीच्या सेंट्रिंगच्या फळ्या, याच दारं-खिडक्यांच्या ढलप्या. या मिस्त्रीनं दाबल्या, माह्या नवऱ्याच्या बैलानं कुटल्या, अन् म्या सारवल्या. सारवता सारवता माही काच आत गेली. खोट म्हणा तं खोट हाय. पण माही हाय."

इंजिनेर साहेब म्हणाले, "शिडी आणा." शिडी आली. साहेब कोट काढून स्वतः वर चढले. रुपीबाई पाहत राहिली, त्यांचा अंगठा काचेभोवती फिरला, नख कडेला लागलं, मग त्यांनी बोटाच्या पेरानं आजूबाजूला ठोकून पाहिलं. टक टक टक. घट्ट आवाज. कुठं पोकळ नाही. साहेब खाली उतरले, हात पुसले आणि पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "काच काढायला गेलो तर काच फुटेल, तक्ता सोडणार नाही. तो वर्षभर टिकलाय, पुढंही टिकेल. डाग नको असं मीच म्हटलं होतं. आज मी ते मागं घेतो. शाळांचे तक्ते इथलेच लागतील." मग जरा थांबून, "आणि हा तक्ता असाच राहील. पुढं कुणी मुंबईचं नाव काढलं तर वर बोट दाखवता येईल."

टाळ्या झाल्या. भावसिंगनं टाळ्या वाजवल्या नाहीत, तो पागोट्याच्या शेवानं नाक पुसत होता. रुपीबाई मात्र बसली नाही. रहेमानकडे पाहून ती म्हणाली, "मिस्त्री, शब्द दिल्ता म्या. उद्या लुगडं नेसून येतो."

रहेमान कपाळाला हात लावून म्हणाला, "बस करो बाई! लुगडं नेसून आली तं बैल बी वळखणार नाहीत. माझा जुना कोट हाय घरी, लंब्या बाहीचा. साच्यापाशी तो घालजा वरून. अन् बाहेर निंघाली का काढून फेकजा." यावर पहिल्यांदा हसला तो भावसिंग.

उतरत्या उन्हात दोघं बाजारातून घराकडे निघाली. रुपीबाईची चाल सरळ होती, पायाच्या भेगा तिला जाणवतही नव्हत्या. मनिहारीच्या दुकानापाशी भावसिंग थांबला. दुकानात कागदावर लावलेल्या गोल काचा होत्या, लहान, मोठ्या. त्यानं दुकानदाराला एक काढायला सांगितली आणि बायकोच्या बाहीकडे बोट दाखवलं. "ते भरून घे व. मोकळं बरं नाई दिसत."

रुपीबाईनं काच हातात घेतली, उन्हात धरून पाहिली. चांगली होती. मग ती परत कागदावर ठेवली.

"राहू द्या," ती म्हणाली. "इथची काच कुठं हाय, ते मले मालूम हाय."